गावाकडचं दूध मानवतं, खारघरचं का बाधतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 36, मूळ संगमनेर तालुक्यातले, नऊ वर्षांपासून खारघरला राहायला आणि नोकरी ठाण्यात. लहानपणी गोठ्यातलं धारोष्ण दूध तांब्यानं प्यायलात. आता सकाळी दूध घेतलं की तासाभरात पोट डब्ब होतं, गुरगुरतं आणि मग धावपळ. पनवेल-ठाणे लोकलमध्ये उभे असलात तर जीव मुठीत. गावी गेल्यावर मात्र काही होत नाही. आई म्हणते, पिशवीचं दूध हे दूधच नव्हे. त्यात वाढदिवसाला कुणीतरी लाळेवरून डीएनए तपासायचं किट दिलं आणि रिपोर्टमध्ये लाल अक्षरांत ‘लॅक्टोज इनटॉलरंट’ आलं. त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप सगळं बंद. आता सहा वर्षांच्या मुलीचंही दूध बंद करावं का, असं विचारताय.

मी ठाण्यात नौपाड्यात गेली बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न थोड्याफार फरकानं आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. तुमचं जनुक काय सांगतं, तुमचं आतडं आज काय करतंय, आणि तुम्ही दूध पिता कसं. रिपोर्टनं पहिल्याचं उत्तर दिलं आणि तुम्ही ते तिन्हींना लावलंत. बघा, तूपसुद्धा सोडलंत! तुपात लॅक्टोज नावापुरतंच असतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, तुम्ही तर तूपही फुंकायला लागलात.

आधी जनुकाचं बोलू. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन साखरांची जोडगोळी आहे आणि जोडीनं ती आतड्यातून रक्तात जात नाही. आधी जोडी फोडावी लागते. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते हे काम करतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं. आईच्या दुधात दर 100 मिलीलिटरला सुमारे 7 ग्रॅम लॅक्टोज असतं, गायीम्हशीच्या दुधात 5 च्या आसपास. वासरू असो, मांजरीचं पिल्लू असो की माणसाचं मूल, अंगावरचं दूध सुटलं की लॅक्टेज हळूहळू कमी व्हायला लागतं. सस्तन प्राण्यांचा हाच रिवाज आहे. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये असंच घडतं. उरलेल्यांमध्ये लॅक्टेज म्हातारपणापर्यंत तयार होत राहतं. म्हणजे अपवाद ते आहेत, तुम्ही नाही.

गंमत अशी की लॅक्टेजचं जनुक दोघांकडेही धडधाकट असतं. फरक ते चालू-बंद करणाऱ्या जागेत असतो. दुसऱ्या गुणसूत्रावर लॅक्टेजच्या जनुकाच्या शेजारी एमसीएम 6 नावाचं दुसरंच जनुक आहे आणि लॅक्टेजचं बटण या शेजाऱ्याच्या घरात बसवलेलं आहे. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांची लांबलचक ओळ. लॅक्टेजच्या सुरुवातीपासून मागे 13,910 अक्षरांवर एक जागा आहे. तिथे ‘सी’ असेल तर वयाबरोबर बटण बंद होत जातं, ‘टी’ असेल तर चालू राहतं. फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी हे 2002 मध्ये दाखवलं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रतींपैकी एकीवर जरी ‘टी’ असला, तरी सहसा काम भागतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘सीसी’ आहे. त्याचा अर्थ एवढाच की मोठेपणी तुमचं लॅक्टेज कमी झालेलं असणार. किती दूध प्यायल्यावर पोट बिघडेल, हे त्या दोन अक्षरांना ठाऊक नाही. म्हणून रिपोर्टवरचा ‘इनटॉलरंट’ हा शब्दच मला खटकतो. त्रास होणं हे लक्षण आहे आणि लक्षण लाळेत सापडत नाही.

लहानपणी तांब्यानं प्यायचात आणि आता नाही, यात काही गूढ नाही. ‘सीसी’ माणसाचं बालपण असंच असतं. बटण एका रात्रीत बंद होत नाही. कुणाचं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मंदावतं, कुणाचं शाळा संपेपर्यंत बरं चालतं. तुमचं शरीर बिघडलेलं नाही, ते मोठं झालं.

आता दुधाच्या इतिहासाबद्दल थोडं, कारण तुम्ही लिहिलंय की ‘आपण तर पिढ्यान्‌पिढ्या दूध पिणारे शेतकरी, मग असं कसं?’ शाळकरी पुस्तकातली गोष्ट अशी असते की माणसानं गुरं पाळली, दूध प्यायला लागला आणि ज्यांना पचलं त्यांचा वंश वाढला. गोष्ट साफ खोटी नाही, पण फार सरळ आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात युरोपातल्या हजारो वर्षं जुन्या खापरांत मुरलेलं दुधाचं स्निग्ध आणि प्राचीन हाडांतला डीएनए शेजारी शेजारी ठेवून पाहिला. दूध वापरात येऊन हजारो वर्षं उलटली तरी ‘टी’ दुर्मिळच होता. तो सर्रास दिसायला लागला तो इसवी सनाच्या आधी हजारेक वर्षांपासून. म्हणजे तोवर लोक पचनाच्या जनुकाशिवायच दूध वापरत होते. संशोधकांचा अंदाज असा की एरवी पोटात गुबारा धरला तर माणूस मरत नाही. दुष्काळात, साथीच्या रोगात, अंगात त्राण नसताना त्याच दुधानं जुलाब झाले तर मात्र जिवावर बेततं. निवड झाली असेल तर ती अशा वेळी. मंगोलियात तर आजही दुधाच्या पदार्थांवर जगणाऱ्या पशुपालकांत हा गुण कमीच आहे. ते घोडीचं दूध आंबवून पितात.

आपल्याकडचं चित्र सरमिसळ आहे. भारतातल्या दोन हजारांहून जास्त नमुन्यांवर झालेल्या 2012 च्या अभ्यासात तोच 13,910 चा ‘टी’ सापडला, तोही युरोपातल्या ‘टी’शी एकाच मुळातून आलेला. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त आणि आग्नेयेकडे सरकत जावं तसं कमी. निलगिरीतले म्हशी पाळणारे तोडा हा त्यातला ठळक अपवाद, त्यांच्यात प्रमाण खूप आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1981 मध्ये, उत्तर आणि दक्षिण भारतीयांवर चाचण्या झाल्या होत्या. दक्षिणेकडच्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांत लॅक्टेजची कमतरता आढळली, उत्तरेकडच्यांत पाव भागाहून थोड्या अधिक लोकांत. आपण या उताराच्या मधोमध. खारघरमधल्या एकाच सोसायटीत पंजाबी, तमिळ आणि घाटावरची मराठी कुटुंबं राहतात, तेव्हा आडनावावरून पोटाचा अंदाज मी तरी बांधत नाही.

‘पिढ्यान्‌पिढ्या’ म्हणताना आजी काय करायची ते आठवा. दूध यायचं, तापायचं, विरजायचं. दही, त्याचं ताक, लोणी, कढवलेलं तूप. निव्वळ दूध पोरांना, आजाऱ्याला आणि पाहुण्याच्या चहाला. मोठ्या माणसाच्या ताटात दूध यायचं ते बहुतेक ताक होऊन. फ्रिज नव्हता म्हणून, हे खरंच. पण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खाऊन त्याचं आम्ल करतात आणि ताज्या दह्यातले जिवंत जिवाणू पोटात गेल्यावरही स्वतःच्या एन्झाइमनं लॅक्टोज फोडायला हातभार लावतात. म्हणून दुधाइतकंच लॅक्टोज दह्यातून गेलं तरी त्रास कमी होतो. चक्का टांगल्यावर खाली जे पाणी गळतं, त्यातून बरंचसं लॅक्टोज निघून जातं. म्हणून श्रीखंड गोड असूनही कित्येकांना मानवतं. पनीरचंही तेच. खवा याच्या अगदी उलट. पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा होतो आणि पाण्याबरोबर लॅक्टोज काही उडून जात नाही, ते तिथेच घट्ट होऊन बसतं. एका मध्यम पेढ्यात तीन-साडेतीन ग्रॅम धरा. पेढे कुणी एकावर थांबत नाही, हे वेगळं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा मला दर कोजागरीनंतर फोनवर मिळतो. लिटरभर दूध आटवून 600 मिलीलिटर केलं आणि त्यातला 200 चा पेला प्यायला की पोटात 16-17 ग्रॅम लॅक्टोज गेलं, तेही रात्री अकरा वाजता, गच्चीवर भेळ खाऊन झाल्यावर. दुसऱ्या दिवशी म्हणतात, ‘मॅडम, जायफळ जास्त झालं वाटतं.’

आता तुमच्याकडे येते. गावी तुम्ही दूध कसं घेता ते तुम्हीच लिहिलंय: रात्रीच्या जेवणात शेवटी वाटीभर, भाकरी कुस्करून. म्हशीचं, सायीसकट. आणि खारघरला? सकाळी सहाला, अनशापोटी, टोन्ड दुधाचा 300 मिलीलिटरचा शेकर, त्यात प्रोटीन पावडरचा एक चमचा, मग जिम, मग लोकल. गावच्या वाटीत सात-साडेसात ग्रॅम लॅक्टोज, तेही भाकरीबरोबर. पिठूळ घन पदार्थ आणि स्निग्ध यांमुळे जठर हळूहळू रिकामं होतं, लॅक्टोज आतड्यात थेंबाथेंबानं उतरतं आणि असलेलं थोडं लॅक्टेज त्याला पुरून उरतं. शेकरमधून 15 ग्रॅम एकदम येतं. तुमची पावडर व्हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेली साधी पावडर असेल (डब्यावर बघा), तर त्यातून आणखी दोनेक ग्रॅम. जास्त गाळलेल्या आयसोलेट प्रकारात ते नगण्य असतं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. त्यात तुम्ही जिममध्ये उड्या मारताय. लोकलमध्ये कळ येणार नाही तर काय होईल!

म्हणजे पिशवीवर दोष जात नाही. आईंना हे पटवणं अवघड आहे, मला माहीत आहे. माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. पण लॅक्टोजच्या हिशेबात पिशवी, तबेला आणि गोठा सारखेच. उकळल्यानं ते जात नाही, निरसं प्यायल्यानं कमी होत नाही (निरसं पिऊच नका, त्यातून दुसरेच आजार येतात). ‘ए टू’ दूध प्रथिनाच्या प्रकारावरून ओळखलं जातं, लॅक्टोज त्यातही तेवढंच. आपल्या म्हशीचं दूध बहुतांशी ‘ए टू’च असतं, त्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: मागच्या पावसाळ्यात गॅस्ट्रो झाला, आठ-दहा दिवस जुलाब होते आणि त्रास त्यानंतर वाढला. मला ही ओळ रिपोर्टपेक्षा महत्त्वाची वाटते. लॅक्टेज आतड्याच्या केसाळ अस्तराच्या अगदी टोकाला असतं. जंतुसंसर्गानं अस्तर खरवडलं गेलं की पहिला बळी त्याचाच जातो. ‘टीटी’ माणसालाही मग काही आठवडे दूध बाधतं. अस्तर भरून आलं की बहुतेकांचं पूर्ववत होतं. पण जिआर्डिया नावाचा परजीवी घर करून बसला असेल किंवा गव्हातल्या ग्लूटेनमुळे सीलिअ‍ॅक आजार असेल, तर ते लांबतं आणि त्यावर दूध बंद करणं हा उपाय नव्हे. म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवा, शौचाची साधी तपासणी करून घ्या. वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर माझं पुढचं काहीही करून बघण्याआधी डॉक्टरांकडे जा.

तसं काही नसेल तर स्वतःची मात्रा स्वतःच शोधायची. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2010 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून म्हटलं होतं की लॅक्टोज नीट न पचणारे बहुतेक लोक एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत विशेष त्रासाशिवाय सोसतात. म्हणजे पाव लिटरच्या आत. ही सरासरी आहे, तुमची मर्यादा 6 वर असेल किंवा 15 वर. कटिंग चहात दूध असतं 40 मिलीलिटर, म्हणजे 2 ग्रॅम. एवढ्यानं पोट बिघडतं असं कुणी सांगितलं की मी दुधाऐवजी त्याच्याबरोबरच्या खारी-बटरकडे आणि घाईकडे आधी बघते.

मी असं करायला सांगते. पहिला आठवडा दूध, खवा, आइस्क्रीम, पावडर बंद. तूप, ताक, दही सुरू. त्रास थांबला का बघा. थांबलाच नाही तर गुन्हेगार दूध नव्हेच. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं यांतल्या काही साखरा अगदी लॅक्टोजसारखाच गोंधळ घालतात, आणि मिसळीवर ताव मारून वर ताकाला शिव्या देणारे ठाण्यात कमी नाहीत. थांबला तर जेवणानंतर 100 मिलीलिटर दूध तीन दिवस, मग 150, मग 200. जिथे पोट कुरकुरेल त्याच्या एक पायरी खाली तुमची मात्रा. रोज थोडं घेत राहिलं तर मोठ्या आतड्यातले जिवाणूही सरावतात आणि वायू कमी होतो. तुमचं लॅक्टेज त्यानं वाढत नाही, पण लोकलमध्ये उभं राहायला तेवढं पुरतं.

संशय उरलाच तर घरातच एक खेळ करा. लॅक्टोज-फ्री दुधाचा टेट्रापॅक आणा. त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते गोडसर लागतं. पत्नीला सांगा, साध्या दुधात चिमूटभर साखर घालून कधी हे, कधी ते द्यायचं आणि कुठलं दिलं ते सांगायचं नाही. आठ-दहा दिवस तुम्ही नुसती पोटाची नोंद ठेवा, शेवटी दोघांच्या वह्या जुळवा. माझ्याकडच्या कितीतरी ‘दूध-शत्रूं’चा अंदाज यात साफ चुकलाय. याहून पक्कं हवं असेल तर श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी असते. उपाशीपोटी ठरावीक लॅक्टोज पाजून दोन-तीन तास दर थोड्या वेळानं फुंकायला लावतात. आकडा सुरुवातीपेक्षा 20 पीपीएमनं (म्हणजे दहा लाख भागांत 20 भागांनी) किंवा जास्त वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. पण काहींचे जिवाणू हायड्रोजनऐवजी मिथेन करतात, तेव्हा तेही मोजणारं यंत्र असेल तिथेच करा. आणि चाचणीत 25 किंवा 50 ग्रॅम पाजतात. 50 ग्रॅम म्हणजे लिटरभर दूध, तेवढं एका दमात कोण पितं?

सरसकट दूध बंद करण्याबद्दल मी इतकी सावध का, तर माझ्या हातून एक चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत चरईतल्या एका आजींचं दूध मी झटक्यात बंद केलं होतं, गॅसेसची तक्रार म्हणून. दात नव्हते, डाळ नको, अंडं वर्ज्य. दूध-भात आणि चहा हेच त्यांचं प्रथिन होतं, हे मी विचारलंच नाही. दोन महिन्यांत चार किलो उतरल्या. सुनेनं मला न सांगता दहीभात आणि अर्धा-अर्धा कप दूध सुरू केलं, आजी सावरल्या, आणि गॅसेस होते तेवढेच राहिले. तेव्हापासून काहीही बंद करण्याआधी ‘त्याच्या जागी काय?’ हे मी कागदावर लिहून घेते. तुमच्यापुरतं सांगायचं तर प्रौढाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात त्याहून बरंच जास्त. ऐरोली-दिव्याकडची आगरी-कोळी कुटुंबं माझ्याकडे येतात, त्यांच्या घरात दुधाचा गाजावाजा नसतो. मांदेली काट्यासकट, जवळा, सुकट यांतून कॅल्शियम येतं. तुम्ही मासे खात असाल तर ते शिकून घ्या.

राहिली मुलगी. तुमच्याकडून तिला एक ‘सी’ आलाच आहे. दुसरं अक्षर आईकडून. पत्नी ‘टीटी’ असेल तर मुलगी ‘सीटी’, म्हणजे मोठेपणीही दूध पचवणारी. पत्नी ‘सीटी’ असेल तर नाणं उडवल्यासारखं. तीही ‘सीसी’ असेल तर मुलगीही ‘सीसी’. पण तिची लाळ कुठेही पाठवू नका. सहा वर्षांची आहे, सकाळी कपभर दूध पिऊन शाळेत जाते, पोट दुखल्याची तक्रार नाही. रिपोर्ट काहीही आला तरी तिच्या कपात काय फरक पडणार? तक्रार सुरू झाली की कप अर्धा करा, दही वाढवा, दूध पोळीबरोबर द्या. अंगावर गांधी, ओठ सुजणं, लगेच उलटी असं कधी झालं तर ती दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असू शकते. लॅक्टोजशी तिचा संबंध नाही, तिथे मात्र थेट बालरोगतज्ज्ञ.

तोवर तुमचा शेकर पाण्यात करा किंवा डबा आयसोलेटचा आणा, आणि दुपारच्या डब्यात ताक उद्यापासूनच सुरू करा. तीन आठवड्यांची वही घेऊन लिहा. मात्रेचा आकडा, गॅस्ट्रोनंतर नेमका कधी त्रास वाढला ती तारीख, आणि शौचाच्या तपासणीत काय आलं ते. त्यावरून पुढचं बोलता येईल.